लघवी लागली, गाडी थांबवा

'लघवी' हा शब्द बाबांसमोर कुणी मोठ्याने उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मी 27 वर्षांची होते.

त्याआधी घरात त्या गोष्टीला वेगवेगळी नावं होती. लहानपणी 'शू' होती. शाळेत करंगळी वर करायची. आई 'जाऊन येते' म्हणायची. बाबा काहीच म्हणायचे नाहीत, बोलता बोलता उठायचे आणि धुऱ्याकडे चालू लागायचे.

तो शब्द उच्चारला नागपूरच्या एका हॉस्पिटलात, निळ्या कपड्यातल्या एका टेक्निशियनने. वेटिंगमध्ये वीसेक माणसं बसली होती. त्याने दार अर्धवट उघडलं, बाबांचं नाव घेतलं आणि विचारलं, "काका, लघवी भरली का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे बघत मान हलवली.

ही नोव्हेंबर 2022 ची गोष्ट. बाबा तेव्हा 66 वर्षांचे. आमचं गाव आसगाव, भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं. चौरास पट्टा, धानाचा मुलूख. बाबांनी आयुष्य बांधीत काढलं. रात्री दोन-तीनदा उठणं त्यांना बऱ्याच वर्षांपासून होतं. सगळे म्हणायचे, वय झालं. ते खोटंही नव्हतं, कारण वयानुसार प्रोस्टेट बहुतेक पुरुषांची वाढते आणि त्यातल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो. पण लक्षणांवरून दोन्हीतला फरक घरबसल्या कळत नाही. तपासणीत बाबांचा पीएसए 38 निघाला. मग बायोप्सी, मग हाडांचा स्कॅन. हाडं स्वच्छ होती. आजार प्रोस्टेटमध्येच होता, पण जोखमीचा. दोन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं आणि 25 दिवस रेडिएशन, असं ठरलं. आमच्याकडे लोक रेडिएशनला 'शेक' म्हणतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसला, म्हणून वावर विकायची वेळ आली नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. प्रोस्टेट ही मोठ्या सुपारीएवढी गाठ. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. वर लघवीची पिशवी टेकलेली, मागे गुदाशय. म्हणजे सुपारीवर किरणं सोडायची तर शेजाऱ्यांना थोडी झळ लागणारच. ती कमी लागावी म्हणून एक युक्ती असते. पिशवी भरलेली ठेवायची. भरलेली पिशवी आतड्यांना वर ढकलते, तिचा स्वतःचा बराचसा भागही किरणांच्या वाटेतून बाजूला होतो. आणि ती रोज साधारण तेवढीच भरलेली असली, तर पहिल्या दिवशी आखलेला नकाशा रोज जुळतो.

म्हणून रोजचा नियम असा. आधी लघवी करून पिशवी रिकामी करायची. मग अर्धा लिटर पाणी प्यायचं. मग पाऊण तास थांबायचं. मग आत.

आयुष्यभर ज्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नाही, तिचा हिशेब बाबांना आता रोज सकाळी एका अनोळखी पोराला द्यायचा होता. तोही माझ्यासमोर.

*

सोमवार ते शुक्रवार बाबा माझ्याकडे राहायचे, मानेवाड्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत. शनिवारी गावाला. दादा पुण्यात, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली होती. त्याचं बाबांना किती अवघड वाटत होतं, हे मला नवव्या दिवशी कळलं.

त्या दिवशी मशीन बंद पडलं. बाबांनी पाणी पिऊन पाऊण तास झाला होता. अजून दहा मिनिटं, अजून वीस मिनिटं असं करत सव्वा तास गेला. मी म्हटलं, "बाबा, जाऊन या. परत पाणी पिता येईल." ते म्हणाले, "नाही, आता नंबर लागंल." खुर्चीच्या दांड्या त्यांनी घट्ट धरल्या होत्या. मग एकदम त्यांची पकड सैल झाली. मी खाली पाहिलं नाही. पायजमा ओला झाला होता.

"पानी सांडलं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. समोरच्या दुकानातून नवा पायजमा आणला. घरी येताना ऑटोत ते एवढंच बोलले, "आईले सांगू नोको."

मी सांगितलं नाही. आज वाटतं, ती माझी पहिली चूक होती.

तिसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाली. हे होणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रेडिएशनचे लघवीचे त्रास साधारण दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतात. पिशवीचं आणि नळीचं आतलं अस्तर सुजतं. मग थोडीशी भरली तरी पिशवी सांगते, चला. लागली की थांबवत नाही. धार बारीक होते, करताना आग होते, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. शेवटच्या आठवड्याच्या आसपास हे सगळं कळसाला जातं आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत हळूहळू ओसरतं.

कागदावर हे चार ओळींत मावतं. माझ्या खोलीत ते रात्रभर चालायचं. संडास बाहेरच्या बाजूला होता आणि दाराच्या कडीचा आवाज यायचा. मी कड्या मोजू लागले. सात, आठ, एकदा अकरा. बाबा पाय न वाजवता जायचे, मी डोळे मिटून पडायचे. दोघांनाही माहीत होतं की दुसरा जागा आहे. सकाळी मी विचारायचे, "झोप झाली?" ते म्हणायचे, "मस्त."

गावाहून आईने धने-जिऱ्याची पुडी पाठवली. फोनवर म्हणाली, "उन्हारी लागली असंल. रातभर भिजवून सकारी पेवाले दे." तिला ही आग ओळखीची होती. मला तेव्हा प्रश्नच पडला नाही की तिला ती इतकी ओळखीची कशी.

अठराव्या दिवशी बाबांना टेबलावरून परत पाठवलं. मशीन सुरू करण्याआधी रोज एक छोटा स्कॅन करतात, त्यात पिशवी जवळजवळ रिकामी दिसली. अर्धा लिटर प्यायले होते, मग पाणी गेलं कुठे? डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि बाबांना एकट्याला विचारलं. दहा मिनिटांनी मला आत बोलावलं. बाबा ते अर्धा लिटर सोडलं तर दिवसभर पाणीच पीत नव्हते. लागूच नये म्हणून. शरीर इतकं कोरडं पडलं होतं की प्यायलेलं पाणी पिशवीपर्यंत वेळेत पोचतच नव्हतं.

"आणि आग वाढली असेल ना?" डॉक्टरांनी विचारलं. पाणी कमी म्हणजे लघवी घट्ट, घट्ट लघवी सुजलेल्या अस्तराला आणखी चरचरते. ज्याला बाबा उपाय समजत होते, तेच दुखणं वाढवत होतं.

त्या दिवशी कळलेल्या गोष्टी लिहून ठेवते, कुणाच्या घरात उपयोगी पडतील. पहिलं, लघवीची तपासणी करून इन्फेक्शन नाही ना हे बघायचं, कारण त्याची आग अशीच असते पण औषध वेगळं असतं. दुसरं, नळीभोवतीचे स्नायू सैल करणारी गोळी मिळते. तिने धार सुधारते, पण रक्तदाब उतरू शकतो, म्हणून ती बहुधा रात्री देतात आणि रात्री उठताना आधी खाटेवर बसून मग उभं राहायचं. तिसरं, पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, संध्याकाळनंतर कमी करायचं, बंद करायचं नाही. चौथं, चहा-कॉफी कमी, कारण त्याने पिशवी आणखी चिडते. धने-जिऱ्याचं पाणी चालेल का, हेही मी विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, "पाणी म्हणून जरूर द्या, औषध म्हणून नको."

आणि पाचवं, जे कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं. विचारायचं. बाबांना त्या पोराने रोज विचारलं होतं, "लघवी भरली का?" पण 'लघवी करताना दुखतं का', हे आम्ही घरातल्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

*

उपचार संपले. दोन महिन्यांत रात्रीच्या फेऱ्या तीनवर आल्या. पीएसए खाली गेला आणि खालीच राहिला. बाबा पुन्हा बांधीत जाऊ लागले, दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक बघून आले. आम्हाला वाटलं, संपलं.

जुलै 2024 मध्ये रोवणी सुरू होती. एके रात्री दीडला आईचा फोन आला. बाबांना संध्याकाळपासून लघवीच झाली नव्हती. ओटीपोट घागरीसारखं तटतटलं होतं आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात कधी 'दुखतं' म्हटलं नाही, ते ओरडत होते. शेजाऱ्यांनी गाडी काढली. पहाटे ते नागपूरला पोचले, मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. नळी घातली तेव्हा पिशवीत लालभडक लघवी आली आणि रक्ताच्या गाठी आल्या. गाठींनीच वाट बुजली होती.

डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

बाबा छताकडे बघत होते. "तीन आठवडे झाले असतील."

तीन आठवडे ते धुऱ्यावर उभे राहून बांधीतल्या गढूळ पाण्यात लाल धार सोडत होते आणि घरी येऊन जेवत होते. घरचा संडास वापरतच नव्हते, आईला दिसेल म्हणून. त्यांची खात्री झाली होती की कॅन्सर परत आला. परत आला म्हणजे परत नागपूर, परत पैसे, परत पोरीची सुट्टी. त्यापेक्षा रोवणी होऊ द्यावी. शेवटचे तीन दिवस त्यांनी पाणीही जवळजवळ सोडलं होतं. पाणी कमी तर लघवी कमी, लघवी कमी तर रक्त कमी, असा त्यांचा हिशेब. घडलं उलटंच. रक्त वाहून जायला पाणी उरलं नाही आणि ते आत गोठलं.

चार दिवस नळीतून पिशवी धुत राहिले. मग दुर्बिणीने आतून पाहिलं. कॅन्सर नव्हता. रेडिएशनचा उशिरा आलेला परिणाम होता.

हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. लघवीचे काही त्रास उपचाराच्या वेळी येतात आणि जातात. काही मात्र महिन्यांनी, कधी वर्षांनी उगवतात. किरणांमुळे पिशवीच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात. भिंतीला रक्त कमी पोचतं, ती ताठ होते, पूर्वीएवढी फुगत नाही. पृष्ठभागावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार होतात आणि त्या जरा कशाने फुटतात. काहींची नळीच आकसते, काहींना लघवी धरवत नाही. सगळ्यांना होतं असं नाही. झालं तर सौम्य औषधांपासून ते दुर्बिणीतून रक्तवाहिन्या बंद करण्यापर्यंत आणि दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देण्यापर्यंत उपाय आहेत. बाबांचं पिशवी धुण्यावर भागलं. पण लघवीतून रक्त आलं की कारण रेडिएशनच असेल असं गृहीत धरायचं नसतं. इन्फेक्शन असू शकतं, खडा असू शकतो, पिशवीतच नवी गाठ असू शकते. आत पाहिल्याशिवाय कळत नाही. बाबांनी सगळ्यात वाईट उत्तर स्वतःच ठरवलं आणि प्रश्नच विचारला नाही.

मी डॉक्टरांवर चिडले होते. विचारलं, "हे होणार होतं तर एवढी किरणं दिली कशाला?" त्यांनी शांतपणे सांगितलं. बाबांचा आजार जोखमीचा होता, म्हणून प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या लसीका ग्रंथींनाही किरणं दिली होती. तसं करावं का, यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच अभ्यास झाला आहे. डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 224 पुरुषांचे दोन गट केले होते. एकाला फक्त प्रोस्टेटवर किरणं, दुसऱ्याला ओटीपोटावरही. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 81 टक्के होतं, दुसऱ्यात 95. पण लघवीचे उशिराचे त्रासही दुसऱ्या गटात जास्त होते.

म्हणजे ते 95 फुकट नव्हते. त्याची किंमत कुणाच्या तरी लघवीच्या पिशवीने मोजली होती. ती किंमत मोजायला बाबा नाही म्हणाले असते असं मला वाटत नाही, मीही म्हटलं नसतं. पण सही करताना आम्ही फक्त 'वाचतील ना?' एवढंच विचारलं होतं. 'आणि पुढे काय सांभाळायचं?' हे विचारायचं राहून गेलं.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई स्टुलावर बसून होती. नळीतून येणारं पाणी लालचं गुलाबी झालं होतं. ती त्याच्याकडे बघत बाबांना म्हणाली, "तीन दिस पानी सोडलं तुमी. लाज वाटली ना?"

बाबा गप्प.

"मी चाळीस वर्सं पानी मोजूनच पेलं."

मग ती बोलत गेली. आवाज चढवला नाही, तक्रारही केली नाही. रोवणीला जायचं तर सकाळी अर्धा गिलास, कारण वावरात आडोसा नाही. माहेरी जायचं तर आदल्या रात्रीपासून बंद, कारण एसटी कुठे थांबेल ते ड्रायव्हरच्या हातात आणि थांबली तरी बाप्यांसाठी झाड पुरतं, बाईसाठी नाही. लग्नात मुलीकडची म्हणून दिवसभर तशीच उभी. वर्षातून दोनदा उन्हाळी लागायची. ताप यायचा. धने-जिरे भिजवायची, कुणाला सांगायची नाही. "तुमाले का सांगाचं? तुमी त उठून धुऱ्यावर जात होता."

मी पायाशी उभी होते. कॉलेजला असताना पवनी ते नागपूर प्रवासात मीसुद्धा पाणी पीत नव्हते. मला ते कुणी शिकवलं नव्हतं. आईच्या बाटलीत पाणी नेहमी शिल्लक असायचं, ते पाहून शिकले असेन. मुंबईत 2011 मध्ये महिला संघटनांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू केली. बायकांसाठी सार्वजनिक मुताऱ्या मागणारी. त्याची बातमी वाचून माझ्या वर्गातली मुलं खूप हसली होती. मीही थोडी हसले होते, हे आठवून आता कसंतरी होतं.

बाबा बऱ्याच वेळाने बोलले. "इतकं होतं, त बोलली काहून नाही?"

आई म्हणाली, "तुमी बोलले का?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण घरी गेल्यावर त्या दोघांमध्ये काहीतरी बदललं. आईने बाबांना प्रवास शिकवला. निघण्याआधी तास-दीड तास घोटाभर, मग जाऊन यायचं, मग निघायचं. बरोबर एक जास्तीचा पायजमा, एक प्लॅस्टिकची पिशवी. रस्त्यात कुठे जाता येतं, कुठल्या पंपावर दार उघडं असतं, कुठल्या चहावाल्याची बायको आतलं वापरू देते. हा सगळा नकाशा तिच्या डोक्यात होता. पण एका बाबतीत ती शिकवणीच्या उलट गेली. "पानी सोडाचं नाही," ती रोज सांगायची. आणि त्यांच्या शेजारी बसून स्वतःही गिलासभर प्यायची.

*

ऑक्टोबरमध्ये तपासणीसाठी दोघांना आणायला मी गावाला गेले होते. आसगावहून आम्ही तिघं एसटीने निघालो. बाबांचं ज्येष्ठ म्हणून अर्धं तिकीट, आमचं मार्च 2023 पासून बायका म्हणून अर्धं. गाडीत बायकाच जास्त होत्या. तिकीट अर्धं झाल्यापासून बायका जास्त फिरतात, थांब्यांवरच्या संडासांचं मात्र आहे तेच आहे.

भिवापूर सोडून थोडं पुढे गेलो असू. बाबा चुळबूळ करू लागले. मी त्यांच्याकडे पाहिलं. उमरेड अजून लांब होतं. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

बाबा उठले. दांडी धरून उभे राहिले आणि मागून पुढपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कंडक्टरसाहेब, लघवी लागली. गाडी थांबवा."

कुणीतरी हसलं. कंडक्टरने वळून पाहिलं, घंटीची दोरी ओढली. रस्त्याच्या कडेला झाडी होती, तिथे गाडी उभी राहिली. बाबा सावकाश उतरले आणि उजवीकडे गेले.

मग मागच्या सीटवरची म्हातारी उठली. काही न बोलता पिशवी सीटवर ठेवून उतरली आणि डावीकडच्या झाडीत गेली. तिच्यामागे एक लेकुरवाळी, पोर शेजारणीच्या मांडीवर देऊन. मग कॉलेजच्या दोन मुली, एकमेकींचा हात धरून. मग आई उठली. मग मी.

ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं. बाबा सगळ्यांत आधी परत आले. आम्ही झाडीतून येत होतो तेव्हा ते गाडीच्या दारात पायरीवर उभे होते, एक हात दांडीला, आणि ड्रायव्हरकडे तोंड करून सांगत होते,

"थांबा गा. बाया यायच्या हायेत अजून."